उजव्या पायाचा पहारा

झोप येत नाही हे माणसं सहसा दोन तऱ्हांनी सांगतात. एक तर मिरवत, म्हणजे आपल्या डोक्यावर केवढा भार आहे ते ऐकणाऱ्याला कळावं म्हणून, नाहीतर रडत. आमच्या उस्तादांनी ते तिसऱ्याच तऱ्हेनं सांगितलं. एका सकाळी त्या डेपोत आल्या, साहेबांच्या टेबलावर बसची किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, मला रात्रीची झोप येत नाही. आजपासून मला गाडी देऊ नका. झोप यायला लागली की किल्ली मागायला येईन, तेव्हा मुकाट्यानं द्यायची."

साहेब चहा पीत होते. झोप आली म्हणून गाडी नाकारणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. झोप येत नाही म्हणून नाकारणारं हे पहिलंच माणूस. चहा तसाच निवला.

मी तेव्हा दाराशी उभी होते. मी उस्तादांची कंडक्टर. इतकी वर्षं एका गाडीवर काढल्यामुळे घरच्यांपेक्षा मला त्यांची पाठ जास्त ओळखीची. उस्ताद हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. मोठी बस चालवणारी आमच्या डेपोतली ती पहिली बाई. तेव्हा वर्कशॉपमधल्या टारगट मंडळींनी "काय उस्ताद, आरसा लाली लावायला घेतलाय का?" असं चिडवायला सुरुवात केली होती. चिडवणारे एकेक करून गप्प झाले, नाव तेवढं राहिलं. आता नवीन लागलेली पोरं ते नाव घेताना नकळत सरळ उभी राहतात.

उस्तादांचा एक हट्ट होता. ब्रेक लागला हे प्रवाशाला कळलं, तर तो ब्रेक चुकला. थांबा लांब असतानाच त्या पाय असा हळू ठेवायला लागायच्या की गाडी कधी उभी राहिली ते समजायचंच नाही. खिडकीला टेकून पेंगणारा माणूस स्वतःच्या थांब्यावरही पेंगतच राहायचा आणि मला जाऊन त्याला हलवावं लागायचं. शिव्या मला पडायच्या, कौतुक त्यांचं व्हायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही, थोडंफार सोडलं तर.

त्यांच्या गाडीत कधीही न बसलेलं माणूस एकच, त्यांची सासू. "तुझ्या गाडीत मी नाही बसायची. मला अजून जगायचंय," असं म्हातारी तोंडावर सांगायची. बाजारात जायचं असलं आणि समोर उस्तादांची गाडी आली, तर मान फिरवून उभी राहायची आणि मागची गाडी धरायची. अशा वेळी मी मुद्दाम डबल बेल जरा जोरात मारत असे.

बिघडलं ते एका दुपारी. एक ड्रायव्हर कामावर आला नाही म्हणून उस्तादांना आदल्या दिवसापासून घरी जायला मिळालं नव्हतं. डबल ड्युटी, आणि वर "एवढी एकच फेरी मारा" म्हणून लादलेली आणखी एक. गोदामांच्या कडेचा सरळसोट रस्ता, ना वळण ना चढ, काचेवर ऊन. मी मागे तिकिटं देत होते. एकदम ब्रेक लागला, आणि असा लागला की उभी माणसं एकमेकांवर कोसळली, मी दोन सीटच्या मधे फतकल मारून बसले आणि माझी चिल्लर घरंगळत पार त्यांच्या पायाशी गेली. बसच्या नाकासमोर रिकाम्या बाटल्यांची हातगाडी घेऊन एक माणूस थिजून उभा होता. त्याची एक बाटलीसुद्धा पडली नव्हती.

प्रवाशांना वाटलं, बाईनं त्याला वाचवलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. उस्ताद उठल्या, आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "टाळ्या नकोत. माझा डोळा लागला होता. ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरावं." कुणी उतरलं नाही. एक गृहस्थ उलट समजूत काढायला लागले, "होतं हो असं, चला तुम्ही."

संध्याकाळी त्यांनी साहेबांनाही हेच सांगितलं आणि नोंद करा म्हणाल्या. साहेब म्हणाले, "कुणाला लागलं का? नाही ना? मग कशाला नसती भानगड? अहो, सगळ्यांचंच होतं."

डेपोतून बाहेर पडताना उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "सगळ्यांचंच होतं म्हणे. म्हणजे सगळेच झोपेत गाडी हाकतायत आणि हा माणूस टेबलामागे सुखरूप बसलाय. ठीक आहे. हा नाही ना बघत, मी बघते."

त्यांनी काय केलं, तर स्वतःच्या उजव्या पायाला पहाऱ्यावर बसवलं. डोळा मिटायला लागला की पाय ब्रेकवर गेलाच पाहिजे, हे त्यांनी स्वतःला इतकं घोटून शिकवलं की पायानं ते कायमचं लक्षात ठेवलं. दिवसा गाडीवर हे उत्तम. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर पापणी जड झाली रे झाली की पाय धाडकन ब्रेक दाबायचा, आणि उस्ताद टक्क जाग्या. पुन्हा पडायचं, पुन्हा धाडकन. पलंगाच्या पायथ्याची फळी तडकली. त्यांचे यजमान चावीवाले आहेत, बाजारात कुलूप-किल्लीचं दुकान. स्वभावानं इतके गरीब की नडगी काळीनिळी झाली तरी महिनाभर बोलले नाहीत. मग एक दिवस मधे लोड ठेवून झोपायला लागले.

काही दिवस त्यांनी तसेच रेटले, पण झोप नाही ती नाहीच, आणि अशा डोळ्यांनी गाडीवर बसायचं नाही हा नियम त्यांचा त्यांनीच केलेला. म्हणून ती किल्ली साहेबांच्या टेबलावर गेली.

साहेबांनी त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. काचेला भोक, समोर माइक, मागे भिंत. गाडी आली की सांगायचं, सुटली की सांगायचं. उस्तादांची गाडी एका नवीन ड्रायव्हरला मिळाली. आम्ही त्याला धक्का म्हणतो, का ते त्याच्या गाडीत एकदा बसलात की कळेल. पहिल्या आठवड्यातच माझ्या कोपरांची सालटी निघाली.

आणि सल्ले सुरू झाले. झोपेच्या बाबतीत जगात अडाणी माणूस नाही. कँटीनवाला म्हणाला, कोमट दूध. चुलत नणंद म्हणाली, तळपायांना तेल. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर बसून असतेस, थकतेस कुठे? लादी पुसत जा." वर्कशॉपचे फोरमन म्हणाले, इंजिनाचं माहितीपुस्तक वाचा, मला तिसऱ्या पानावर लागते. उस्तादांनी सगळं केलं, अगदी लादीसुद्धा पुसली. परगावी असलेल्या मुलानं फोनवर पावसाचा आवाज पाठवला. म्हणे, तो लावून ठेवला की शहरातल्या मोठमोठ्या लोकांना झोप लागते. उस्तादांनी लावला. सकाळी मला सांगत होत्या, "पोरी, रात्रभर माझा हात वायपरचं बटण शोधत होता. एवढा पाऊस आणि काच पुसायची नाही म्हणजे काय?"

कुणी "बिचारी" म्हटलं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. "बिचारी कशानं? झोप माझी, ती कशी आणायची ते मी बघते आहे. तुम्ही तुमची सांभाळा." डोळ्यांखाली काळं पडलं होतं, आवाज घोगरा झाला होता, पण त्या खिडकीत पाठ टेकून बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

एक दिवस त्या माइकचं काय होऊ शकतं ते डेपोला कळलं. धक्क्याला डबल ड्युटी लागली होती. तो गाडीत चढताना खिडकीसमोरून गेला, उस्तादांनी त्याला काचेतून नीट पाहिलं आणि बटण दाबलं. सगळ्या स्थानकभर आवाज घुमला, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. आता सुटणाऱ्या गाडीचे ड्रायव्हर कालपासून घरी गेलेले नाहीत. त्यांचे डोळे मी आत्ताच पाहिले, लालभडक आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी बसावं. ज्यांना घरी पोचायचं आहे त्यांनी पुढची गाडी धरावी."

बस रिकामी झाली. शेवटी मीही उतरले, प्रामाणिकपणे सांगते. धक्का स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिला, मग तोही उतरला, विश्रांतीच्या खोलीत गेला आणि बाकड्यावर बूट न काढता जो झोपला तो दिवे लागल्यावरच उठला.

साहेब धावत आले. उस्तादांचा त्यांनी पाणउतारा करायचा प्रयत्न केला, पण उस्ताद बसलेल्या आणि ते भोकातून वाकून बोलणारे, त्यामुळे तो काही नीट जमला नाही. मग त्यांनी आपल्या खोलीत बोलावून थंडपणे सांगितलं, "नवीन ड्युटीपत्रक लागतंय. त्याच्या आत डॉक्टरांचा दाखला आणा, झोप नीट आहे म्हणून. गाडी तुमची. नाही आणलात, तर स्वखुशीनं निवृत्ती घ्या. माइकवर मी तुम्हाला ठेवणार नाही, आणि झोप नसताना गाडीवर तुम्ही स्वतःच बसणार नाही. खरं की नाही?"

"दोन्ही खरं," उस्ताद म्हणाल्या. "फक्त ते स्वखुशीनं खोटं. माझी खुशी काय आहे ती मला माहीत आहे."

बाहेर आल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना. गाडी गेली असती तर त्या जगल्या असत्या, माणसं जगतातच. पण ज्या खुर्चीसाठी त्या सगळ्या गावाशी भांडल्या होत्या ती अशी, उशीवर डोकं ठेवून हरायची, हे मला सहन होत नव्हतं. मी तसं बोललेही. त्या म्हणाल्या, "हरले कुठे? अजून पत्रक लागायचंय."

डेपोच्या डॉक्टर तरुण आहेत, कमी बोलतात. त्यांनी गोळी सुचवली. उस्तादांनी विचारलं, "गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी गाडी चालवू का?" डॉक्टर म्हणाल्या, या गोळीवर नको. "मग गोळीच नको." डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी एक गोष्ट विचारली जी आमच्यापैकी कुणीच विचारली नव्हती. झोप लागता लागता नेमकं काय होतं? उस्तादांनी पायाचं सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ त्या पायाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा पाय अजून ड्युटीवर आहे. ड्युटी संपली हे त्याला कुणीतरी सांगायला हवं."

"सांगून थकले," उस्ताद मला कँटीनमध्ये म्हणाल्या. "माझाच पाय, आणि माझं ऐकत नाही. अगदी नवऱ्यावर गेलाय." यजमान त्यांचं सगळं ऐकतात, पण त्या वेळी हे काढून उपयोग नव्हता.

मला उत्तर मिळालं ते धक्क्यामुळे, हे कबूल करताना माझ्या जिवावर येतं. आमच्या गाडीची एक रीत होती. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले की मी दोरी एकदाच ओढायची. दोन घंट्या म्हणजे निघा, एक म्हणजे थांबा, हे सगळ्याच गाड्यांवर असतं. पण आम्ही रिकाम्या, उभ्या गाडीतही एक घंटी वाजवायचो, आणि मी म्हणायची, "गाडी माझ्या ताब्यात." उस्ताद हँडब्रेक ओढायच्या, पाय उचलून आखडून घ्यायच्या आणि बसल्या जागी घटकाभर डोळा लावायच्या. नोंद करतानाही माझी नजर गाडीवर असायची, आसपास कुणाला फिरकू द्यायची नाही. आणि मला आठवलं, त्या दुपारनंतर, घरी एक रात्र धड झोप नसताना, किल्ली ठेवायच्या आदल्या दिवसापर्यंत त्या शेवटच्या थांब्यावर झोपत होत्या. पाय एकदाही हलला नव्हता.

तर त्या दिवशी शेवटच्या थांब्यावर मी सवयीनं दोरी ओढली. धक्का म्हणाला, "कशाला वाजवता ताई? गाडी थांबलीच आहे की."

गाडी थांबलीच होती. ती घंटी गाडीसाठी नव्हतीच कधी. मी तशीच पायरीवर बसले. धक्क्याला वाटलं मला चक्कर आली. त्यानं पाणी आणून दिलं. पोरगा वाईट नाही.

फोरमनसाहेबांकडे भंगारात काढलेल्या बसची घंटी होती, दोरीसकट. "न्या," ते म्हणाले, "फक्त कुठे लावणार ते मला सांगू नका." चावीवाल्यांनी ती पलंगाच्या वर भिंतीला बसवली. दोरी कुठून ओढायची यावर उस्तादांनी घर डोक्यावर घेतलं. कंडक्टर नेहमी पाठीमागे असतो, दिसत नाही. समोर उभं राहून वाजवली तर ती घंटी कसली? शेवटी दोरी दाराच्या चौकटीवरून, कड्यांमधून ओवून बाहेरच्या खोलीत काढली. शेजारपाजारचे बघायला आले. एकीनं विचारलं, तिकीट लागेल का? उस्ताद म्हणाल्या, "तुम्हाला उभ्यानं जावं लागेल, जागा नाही."

पहिल्या रात्री चावीवाल्यांनी दोरी ओढली. घंटीचा आवाज फारच छान आला, म्हणून त्यांनी ती कौतुकानं दोनदा वाजवली. दोन घंट्या! उस्ताद ताडकन उठून बसल्या, डावा पाय क्लचवर, उजवा हात गिअरला, आणि गिअरच्या जागी होता पाण्याचा तांब्या. गादी भिजली. दुसऱ्या रात्री चावीवाल्यांनी एकदाच वाजवली, ठरलेलं वाक्य म्हटलं, आत येऊन पडले आणि घोरायला लागले. धाडकन ब्रेक. लोड पलंगाखाली.

"बघ की," उस्ताद मला म्हणाल्या. त्या दिवशी आम्हा दोघींना साप्ताहिक सुट्टी होती, दुपारी मी त्यांच्या घरी गेले होते. "कंडक्टरच झोपला तर गाडी कुणाच्या ताब्यात? मी कशी झोपू? हे काय लबाडीनं होणारं काम आहे? पायाला कळतं." पत्रक लागायला फार दिवस राहिले नव्हते. "पण घंटी काढायची नाही. हसू देत कोणाला हसायचं ते."

सासूबाई बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी स्वेटर विणत बसल्या होत्या. दोरीचं टोक त्यांच्या डोक्यावर लोंबत होतं आणि त्याच्याकडे त्यांनी दोन दिवस मुद्दाम पाहिलं नव्हतं. आता सुया न थांबवता त्या म्हणाल्या, "त्याला काय सांगता? तो जन्मल्यापासून झोपतोय. ती दोरी माझ्याकडे द्या."

उस्ताद म्हणाल्या, "आई, रात्रभर जागं राहायचं काम आहे ते."

"मग? मी काय करते रात्रभर?" म्हातारीनं सुया मांडीवर ठेवल्या. "मला झोप येऊन किती वर्षं झाली, कुणी विचारलं? तुझी झोप गेली तर अख्खा डेपो दूध पाजायला आला. माझी गेली ती गेली. छताकडे बघत पडते आणि भिंतीपलीकडे तुझा पाय आपटतो तो ऐकते. प्रत्येक वेळी ऐकते."

इतके महिने एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघी जाग्या होत्या, आणि मधे दोन विटांची जाडी. उस्तादांचा चेहरा मी नीट पाहिला नाही, पाहायची माझी छाती झाली नाही.

"बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"तू आलीस का बाहेर? स्वतःशीच भांडत बसलीस आत." मग जरा खालच्या आवाजात, "आणि तुझ्या गाडीत मी कधी बसले नाही. कुठल्या तोंडानं विचारणार होते?"

उस्ताद आत गेल्या. पलंग करकरला. मी म्हातारीच्या हातात दोरी दिली आणि शिकवलं, एकदाच ओढायची, आणि म्हणायचं, गाडी माझ्या ताब्यात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून शाळेत आहे. दोरी ओढली. टण्ण. "झोप," त्या आतल्या दिशेनं म्हणाल्या. "मी जागी आहे."

आम्ही दोघी बसून राहिलो. त्यांनी पुन्हा सुया उचलल्या. बऱ्याच वेळानं आत पाय आपटला, पण हलका, विचारल्यासारखा. म्हातारीनं मान वर न करता दोरी पुन्हा एकदा ओढली. "सांगितलं ना. मी जागी आहे."

त्यानंतर पाय आपटला नाही. सूर्य खिडकीतून खाली गेला, चावीवाले दुकान बंद करून आले, त्यांना आम्ही दारातच बूट काढायला लावून ओट्यापाशी बसवलं, आणि उस्ताद झोपल्याच होत्या. मी घरी जायला निघाले तेव्हा मला रडू येत होतं, ते मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दाबलं.

ही घंटी मग रोज वाजायला लागली. काही रात्री दोनतीनदा वाजायची, मग एकदा, मग नुसतीच निजायच्या वेळी. पत्रक लागायच्या आत उस्ताद डॉक्टरांसमोर बसल्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं, डोळे, रक्तदाब, खोदून खोदून प्रश्न, आणि विचारलं, "कोणतं औषध चालू आहे?"

"सासू," उस्ताद म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या, पण दाखल्यावर सही केली.

साहेबांनी किल्ली पुढे केली. उस्तादांनी ती घेतली नाही. "आधी त्या दुपारचं लिहा. माझा डोळा लागला होता हे लिहा, आणि मी कधीपासून घरी गेले नव्हते तेही लिहा. ड्युटी कुणी लावली ते तुम्हाला माहीत आहे." साहेब बराच वेळ पेनचं टोपण उघडत-लावत बसले. शेवटी त्यांनी लिहिलं. उस्तादांना रीतसर ताकीद मिळाली, आणि एवढ्या आनंदानं ताकीद घेणारं माणूस मी पुन्हा बघणार नाही. डबल ड्युटी काही त्या दिवशी बंद झाली नाही. पण पुढच्या आठवड्यात धक्का साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवून आला, झोप झाली नाही म्हणून. साहेबांनी "सगळ्यांचंच होतं" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

उस्तादांच्या पहिल्या फेरीला मी दारात उभी होते. बाजाराच्या थांब्यावर सासूबाई उभ्या. हातात पिशवी, अंगावर तो नवा विणलेला स्वेटर. मला वाटलं, आता मान फिरवतील. त्यांनी दांड्याला हात घातला आणि वर चढल्या. "एक द्या," त्या मला म्हणाल्या, "शेवटपर्यंत." ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट धरून बसल्या. उस्तादांनी आरशात पाहिलं. मी डबल बेल मारली आणि गाडी निघाली, इतकी हळू की ती निघाली हे मला खिडकीतली दुकानं सरकायला लागल्यावरच कळलं.

दोन थांबे गेले. तिकिटं देऊन मी पुढे आले तेव्हा म्हातारीची मान खिडकीला टेकली होती, तोंड थोडं उघडं होतं. ज्या बाईनं वर्षानुवर्षं छत बघत रात्री काढल्या होत्या, ती भर बाजारातून जाणाऱ्या गाडीत, हॉर्न वाजत असताना, सुनेच्या पाठीमागे गाढ झोपली होती. त्या फेरीत उस्तादांचा एकही ब्रेक कुणाला कळला नाही.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. मी म्हातारीला हलवायला हात पुढे केला.

"राहू दे," उस्ताद म्हणाल्या. त्यांनी हँडब्रेक ओढला होता, पण पाय आखडून घेतले नव्हते. ताठ बसून आरशात बघत होत्या. "तू जा, नोंद करून ये. मी जागी आहे."

मी दोरी एकदाच, हळू ओढली आणि खाली उतरले.